टाइलला माया नसते

‘‘भाभी, अब सिर्फ कटिंग बाकी है. दस दिन में आता हूँ,’’ असं म्हणून आमचे लादीवाले मिस्त्री मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात बहिणीच्या लग्नाला राजस्थानला निघून गेले. मी मोरीच्या दारात उभी. समोर भिंतींवर पांढऱ्याशुभ्र टाइल्स चकाकत होत्या आणि प्रत्येक कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उघड्या प्लॅस्टरची एकेक पट्टी माझ्याकडे बघत होती. अख्ख्या टाइल्स आधी लावून घ्यायच्या आणि काप सगळे शेवटी मारायचे, ही या लोकांची पद्धत. मी मोजले. बरोबर पंचवीस काप राहिले होते.

आता दहा दिवस म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण हा सगळा घाट घातला होता तो सासूबाईंसाठी. दिवाळीत शेवाळलेल्या शहाबादीवरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. वय चौऱ्याहत्तर. भिंतींचं म्हणाल तर ओल इतकी, की आंघोळ करून बाहेर यावं तर खांद्याला चुना! तेव्हाच ठरवलं, खाली खरखरीत लादी आणि भिंतीला वरपर्यंत टाइल, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘डॅडो’. काम सुरू झालं आणि सासूबाईंची आंघोळ परसदारी ताडपत्रीच्या आडोशाला गेली. आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली ही बाई. रोज पहाटे कोणी उठायच्या आत, चार वाजता आंघोळ उरकून घ्यायची. तोंडाने कधी काही बोलल्या नाहीत. पण मला ते बघवत नव्हतं.

आमचं घर वाशिंदचं. घरातले पुरुष सकाळच्या लोकलने कल्याण-ठाण्याकडे गेले की रात्रीच उगवणार, हे इथल्या निम्म्या घरांचं वेळापत्रक. त्यामुळे घराचं काम काढलं की त्यावर देखरेख आपसूक बाईचीच. गंमत म्हणजे टाइल्सच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदार सगळं यांनाच विचारत होता. ‘‘साहेब, किती स्क्वेअर फूट?’’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण टेप घेऊन मोरी मोजली होती मी!

मोरी आमची ५० इंच रुंद, ७० इंच लांब. दाराचे ३० इंच वजा केले की भिंतींची लांबी भरते साडेसतरा फूट. उंची साडेसात फूट. दुकानदाराने कॅल्क्युलेटर बडवला, १३१ चौरस फूट. टाइल १२ बाय १८ इंचाची, म्हणजे दीड चौरस फुटाची. उत्तर आलं ८८ टाइल्स. एका खोक्यात सहा. ‘‘पंधरा खोकी घ्या, नव्वद होतात, दोन जास्तच!’’

मी मात्र आदल्या रात्री मुलाच्या वहीतल्या चौकटींच्या कागदावर चारही भिंती काढल्या होत्या. सत्तर इंचांच्या भिंतीला पाच टाइल्स अख्ख्या बसतात आणि उरतात दहा इंच. त्या दहा इंचांसाठी सहावी टाइल कापावी लागते, आणि कापून उरलेली दोन इंचांची पट्टी कुठेच कामाला येत नाही. अशा एकेक ओळी मोजल्या तर टाइल्स लागत होत्या ९५. शिवाय फुटतूट धरायलाच हवी. मी सतरा खोकी मागितली. दुकानदार हसला, ‘‘मॅडम, उगाच पैसे घालवताय.’’ पण मैत्रिणींनो, चौरस फुटांचा हिशेब कापांना लागू होत नाही. टाइल मोजावी ती ओळीने. आणि सगळी खोकी एकाच बॅचची आहेत ना, हेही बाहेरचा छाप वाचून बघावं. आमच्या खोक्यांवर मोरबीचा पत्ता होता. आपल्या देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या त्या एका गावाच्या आसपासच भाजल्या जातात. पण भट्टी एक असली तरी दोन बॅचच्या पांढऱ्यात फरक पडतो, आणि तो दुकानात नाही, भिंतीवर चढल्यावर दिसतो.

मिस्त्री हाताचे पक्के कारागीर, हे मान्य करायलाच हवं. समोरची ५० इंची भिंत. एका कोपऱ्यातून सुरुवात केली असती तर चार टाइल्स अख्ख्या आणि शेवटी दोन इंचांची काडी. दिसायला वाईट आणि कापताना हमखास फुटणार. त्यांनी काय केलं, भिंतीचा मध्य काढला, तीन अख्ख्या टाइल्स मध्ये घेतल्या आणि दोन्ही बाजूंना सात-सात इंचांचे तुकडे सोडले. हे असं पाहिलं की वाटतं, गणित शाळेत शिकतो ते वेगळं आणि हाताला येतं ते वेगळं.

पण त्यांचं एक मला खुपलं. जाण्यापूर्वी नळाच्या भोकांच्या दोन टाइल्स त्यांनी मशीनच्या कटरने मोरीतच, दार लोटून कापल्या. कोरड्याच. पाच मिनिटांत मोरीत काही दिसेना. धूळ स्वयंपाकघरात आली, डब्यांवर बसली, देवघरातल्या समईवर बसली. धुरातून माणूस यावा तशा त्यांच्या मदतनीस बाई बाहेर आल्या. पापण्यासुद्धा पांढऱ्या. पदराचं टोक दातात धरलेलं, आणि खोकल्याची उबळ थांबत नव्हती.

या बाई जवळच्या एका पाड्यावरच्या. त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना ताई. टाइल्स वाहायच्या, माल कालवायचा, मिस्त्रींनी हात मागे केला की त्यात नेमकी थापी ठेवायची, हे काम त्या अकरा वर्षं करताहेत. मी पाणी दिलं. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘आमचा भाऊ खडी मशीनवर व्हता. असाच खोकायचा. टीबीच्या गोळ्या दोनदा खाल्ल्या. नाय वाचला.’’ एवढंच बोलल्या आणि घमेलं उचलून गेल्या.

मला रात्री झोप लागेना. दगडात, वाळूत, सिमेंटमध्ये आणि टाइलच्या मातीतही सिलिका असते. ती कापताना-फोडताना तिची इतकी बारीक धूळ होते, की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. जी दिसते ती डब्यांवर बसते, जी दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. याला सिलिकोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग दम लागायला लागतो. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही, आणि अशा फुप्फुसाला टीबीही लवकर धरतो. हल्ली आपल्याकडेही ओट्याला क्वार्ट्झचा कृत्रिम दगड बसवायची हौस आली आहे. तसला दगड कापणाऱ्या तरुण कारागिरांना हा आजार होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. आमच्या मोरीतल्या दोन टाइल्सनी कोणी आजारी पडणार नाही, हे खरं. पण ताई रोज कोणाच्या तरी मोरीत उभ्या असतात, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी त्या उरलेली रेती भरायला आल्या तेव्हा मी विचारलं, ‘‘ताई, धूळ न उडवता कापता येत नाही का हो?’’

‘‘येतं की. पाणी मारत कापायचा. मी बाटलीच्या बुचाला भोक पाडून धार धरते. पण मे महिन्यात कोण पाणी वतू देतंय?’’

त्यांचंही बरोबर होतं. आमचा शहापूर तालुका म्हणजे धरणांचा तालुका. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, भातसाचंही तिकडेच जातं. आणि त्याच तालुक्यात उन्हाळा आला की पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. ताईंच्या डोक्यावर सकाळी हंडा आणि दिवसभर घमेलं. त्यांच्यासमोर टाइलवर पाणी ओतायचं म्हणजे मलाच लाज वाटली असती.

‘‘आणि दुसरा हाय, हाताचा कटर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रेघ मारायची आन् मोडायचा. धूळ नाय, पाणी नाय, लाइट नाय. सरळ काप सगळे त्यावर व्हतात. भोक नाय व्हत तेवढा.’’

भोकं तर झालेलीच होती. राहिले होते ते पंचवीसच्या पंचवीस सरळ काप! मी म्हटलं, ‘‘ताई, आपण मारायचे?’’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मिस्त्री वरडंल.’’ आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘ओरडू दे. मोरी आपली आहे.’’

झालं! हार्डवेअरच्या दुकानातून दोन फुटी हातकटर दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. दिसायला अगदी साधा. खाली लोखंडी पाट, वर दोन दांड्या, त्यांवरून सरकणारी मूठ आणि मुठीखाली बोराच्या बीएवढं एक कडक चाक. त्याची गंमत अशी, की ते टाइल कापत नाहीच. टाइलचा वरचा चकचकीत थर म्हणजे काच. चाक त्या काचेवर फक्त रेघ ओढतं. मग मूठ दाबली की टाइल त्या रेघेवरच मोडते, कारण तडा नेहमी कमजोर जागेवरून पळतो.

पहिली टाइल मी घेतली. रेघ नीट उमटली नाही असं वाटून चाक पुन्हा फिरवलं, मूठ दाबली आणि टाइल आडवीतिडवी तीन ठिकाणी फुटली. ताई म्हणाल्या, ‘‘वहिनी, रेघ एकदाच. दोनदा फिरवला की दोन वाटा झाल्या. मंग ती कुठूनबी जाते.’’ दुसरी फुटली, कारण मी मध्येच हात सैल सोडला. तेव्हा ताईंनी मूठ मागितली. डावा तळवा टाइलवर, चाक पलीकडच्या कडेला, आणि सबंध रेघभर एकसारखा दाब. चर्रर्र असा एक लांब आवाज आला. मग मूठ हलकेच दाबली. टक्! टाइल दुभंगली ती पापड मोडावा तशी नव्हे, तर वडी कापावी तशी.

मी विचारलं, ‘‘कधी शिकलात?’’

‘‘शिकवला कुनी? बघत व्हते.’’ अकरा वर्षं बघत होत्या आणि त्या अकरा वर्षांत कोणी एकदाही मूठ हातात दिली नव्हती.

मग आम्ही कामं वाटून घेतली. मोजायचं मी, कापायचं त्यांनी. मोजताना लक्षात आलं, भिंत आपल्याला सरळ वाटते तेवढंच. वरच्या ओळीला पावणेदहा इंच, तर खालच्या ओळीला दहाला एक सूत कमी. (मिस्त्रीलोकांच्या मोजमापात इंचाचे आठ सूत.) एकाच तुकड्याला वर एक माप आणि खाली दुसरं. म्हणून प्रत्येक तुकडा वर आणि खाली असा दोन ठिकाणी मोजायचा, सांध्याची जागा सोडायची, टाइलवर दोन खुणा करायच्या आणि त्या जोडायच्या. टाइलच्या पाठीवर आकडा घालायचा, ‘उजवी भिंत, तिसरी ओळ’. एक माप घेऊन पाच तुकडे कापून ठेवायचा मोह झाला होता. ताईंनी थांबवलं.

मी शिवणकाम शिकलेली बाई. ब्लाउज बेततो तेव्हा आपण शिवणीत माया ठेवतो. अंगावर घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो, कापड कमी पडलं तर जोड देता येतो. टाइलला माया नसते. एक सूत जास्त कापली गेली की गेली. बरं, एक सूत कमी कापली तर एवढीशी काडी चाकाने निघतही नाही, दगडावर घासत बसावं लागतं. कापलेली कड अशी दगडावर फिरवून घ्यायचीच, नाहीतर हात कापतो. ती कोपऱ्याकडे टाकायची आणि कारखान्यातली गुळगुळीत कड शेजारच्या टाइलला लावायची, म्हणजे काप दिसत नाही. आणि हो, रेघ मारून मोडायचं असलं तरी बारीक कपच्या उडतातच. डोळ्यांना चष्मा हवा. घासताना एन-९५ मास्क हवा. पदर किंवा रुमाल ती बारीक धूळ अडवत नाही. करोनाच्या वेळचे मास्क कपाटात पडून होते, ते कामी आले. मशीनच लावायची वेळ आली तर मिस्त्रीला अंगणात बसवा, पाण्याच्या धारेशिवाय कापू देऊ नका. आणि ओल्यात वीज आहे हे विसरू नका. अर्थिंग नसलेल्या बटणावर मशीन मुळीच नको, आणि पाण्याला वापरायचं तेच मशीन आहे ना, हे विचारा. तेच पाणी घमेल्यात धरून पुन्हा वापरता येतं, तेव्हा टंचाईची सबबही चालत नाही.

शुक्रवारी दुपारी नेहमीप्रमाणे लाइट गेली. आमचं काम मात्र चालूच! सासूबाई मोरीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक ‘टक्’ला आकडा मोजत होत्या. ‘‘सतरा… अठरा…’’ मिस्त्रींनी ठेवलेल्या ॲडेसिव्हच्या गोणीतला माल ताईंनी कालवला, दात्यांच्या थापीने पसरला आणि तुकडे बसवले. (ॲडेसिव्हवर लावायच्या तर टाइल्स भिजवाव्या लागत नाहीत. साध्या सिमेंटवर लावायच्या तर या भिंतीच्या टाइल्स आधी पाण्यात भिजवायच्या असतात.) शनिवारी संध्याकाळी पंचविसावा तुकडा बसला. एकूण तीन फुटल्या. त्यांतल्या दोन माझ्या.

आता यापुढचं सांगायला मला थोडं अवघड जातं. शनिवारी मी पाकिटात पैसे घालून ठेवले होते. मिस्त्रींचा रोज अकराशे, पुरुष बिगाऱ्याला सहाशे आणि बाईला पाचशे, हा आमच्याकडचा चालू भाव. मी दोन दिवसांचे हजार घातले होते. मनात काही नव्हतं, हात सवयीने तेवढ्यावर थांबला. सासूबाईंनी पाकीट बघितलं आणि विचारलं, ‘‘काप कोणी मारले ग?’’

‘‘ताईंनी.’’

‘‘मग हे बिगाऱ्याचे कसे?’’

मला उत्तर सुचलं नाही. दुकानदाराने टाइलचा भाव मला न विचारता यांना विचारला म्हणून मी घरी येऊन फणफणले होते. आणि मी काय वेगळं केलं होतं? मी पाकिटात आणखी बाराशे घातले. ताईंनी पैसे मोजले, पुन्हा मोजले. ‘‘वहिनी, जास्त आलं.’’ मी म्हटलं, ‘‘नाही. कमी आलं होतं.’’

दहाचे चौदा दिवस करून मिस्त्री परतले. रुपयाच्या नाण्याने एकेक तुकडा वाजवून बघितला. दोन तुकडे आतून पोकळ वाजले. ते त्यांनी काढून पुन्हा बसवले, सांधे भरले. कोणी केलं हे कळल्यावर आधी म्हणाले, ‘‘ये औरतों का काम नहीं है.’’ मला राहवलं नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारत योजनेत शौचालयं बांधायला हजारो बायका गवंडीकाम शिकल्या, त्यांना तिकडे ‘रानी मिस्त्री’ म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गावोगावच्या बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं, भिंती बळकट कशा करायच्या हे आधी स्वतः समजून घेतलं आणि मग घरोघरी समजावलं, तेही सांगितलं. मिस्त्री ऐकून घेत होते की सांधे भरत होते कोण जाणे. पण जाताना ताईंना म्हणाले, ‘‘अगली साइट पे हैंड कटर तू चला.’’

ताई आता सरळ काप मारतात. रोज किती वाढला, हे मी विचारलं. शंभर रुपये. म्हणजे पुरुष बिगाऱ्याएवढा. मिस्त्रीएवढा नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांचं नाव अजून नाही, कारण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि अकरा वर्षांत तो त्यांना कोणी दिलेला नाही. आता त्यांनी एक छोटी वही केली आहे. ज्या घरी काम, तिथल्या बाईची सही आणि तारीख. पहिल्या पानावर माझी सही आहे. ही वही म्हणजे काही दाखला नव्हे, पण ठेकेदारासमोर ठेवायला काहीतरी हातात हवं ना! तुमच्या घरी काम निघालं, तर मिस्त्रींच्या मागे उभ्या असलेल्या बाईला तिचे दिवस असे लिहून द्या. आणि कापायला बसलेल्या कोणालाही कोरडं कापू देऊ नका.

सासूबाई आता सकाळी आठ वाजता, दाराला कडी लावून, निवांत आंघोळ करतात. उरलेल्या दोन टाइल्स माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. मोरीत दाराआडची खालून दुसरी पट्टी जरा तिरकी आहे, मुद्दाम पाहिलं तरच दिसते. ती माझी, तिसऱ्या खेपेला जमलेली. बाकी चोवीस ताईंच्या, आणि त्या सरळ आहेत.